घाटनांदूरच्या वाट्याचे बारा सेकंद

किल्लारीहून बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला रस्त्यानं यायचं तर लातूरवरून वळणं घेत यावं लागतं. जमिनीखालून मात्र वाट सरळ आहे, सत्तर-बहात्तर किलोमीटरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीखालचा खडक सरकला. त्यातून निघालेली पहिली लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगानं बालाघाटच्या पठाराखालून धावली आणि बाराएक सेकंदांत घाटनांदूरला पोचली. ती फारशी कुणाला जाणवली नसेल. तिच्यामागून आठ-साडेआठ सेकंदांनी दुसरी लहर आली, जमिनीला आडवं हलवणारी. मांडणीवरची भांडी वाजतात ती हिच्यामुळं. तोवर लातूर हादरून झालं होतं. हैदराबादला हीच लहर पोचायला अजून पाऊण मिनिट होतं. आणि किल्लारीपासून साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या जर्मनीतल्या पोट्सडॅम शहराखालून पहिली लहर गेली ती दहा मिनिटांनी.

अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपती बोळवून, मिरवणुकीतून थकून आलेली माणसं गाढ झोपली होती. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८ आहे. बावन्न गावं अशी मोडली की ती उठवून दुसरीकडं वसवावी लागली.

लहरींचं हे वेळापत्रक आधी मांडलं, कारण जगभरच्या भूकंपांवर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या यंत्रणा आणि त्यांची सॉफ्टवेअर शेवटी एवढंच वाचतात. कोणती लहर कोणत्या ठिकाणी किती वाजता पोचली, एवढाच त्यांचा कच्चा माल. भूकंप होण्याआधी त्यांना काहीच ठाऊक नसतं. झाल्यावर त्या किती लवकर वाचतात, किती बिनचूक वाचतात आणि कुणाला कळवतात, हा त्यांचा कस.

योगायोग असा की किल्लारी झालं त्याच वर्षी या क्षेत्रातली दोन मोठी कामं सुरू झाली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं ‘अर्थवर्म’ नावाची प्रणाली लिहायला घेतली, आणि पोट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्राचं ‘जिओफोन’ हे जागतिक भूकंपमापक जाळं उभं राहू लागलं. पुढं त्याच पोट्सडॅममधून ‘साइसकॉम्प’ हे सॉफ्टवेअर आलं. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियासाठी ते नव्यानं बांधलं गेलं आणि आता अनेक देशांची भूकंप केंद्रं त्यावर चालतात. अर्थवर्म काय किंवा साइसकॉम्प काय, दोन्ही कुणालाही उतरवून घेता येतात.

पोट्सडॅमचं नाव इथं उगाच येत नाही. १७ एप्रिल १८८९ रोजी एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्वित्झ या खगोलशास्त्रज्ञाच्या लंबकानं तिथं एक अनाकलनीय थरथर टिपली. नंतर जपानमधल्या भूकंपाची बातमी वाचनात आली तेव्हा त्यानं दोन्ही वेळा जुळवून पाहिल्या. पृथ्वीच्या एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला मोजता येते, हे असं ठरलं. जगभर अशी केंद्रं असावीत असा प्रस्ताव त्यानं मांडला आणि १८९५ मध्ये, ऐन तारुण्यात, तो वारला. शंभरेक वर्षांनी त्याच पोट्सडॅमचं भूकंप पथक मिखाएल बाउमबाख यांच्यासोबत किल्लारीच्या ढिगाऱ्यांत आलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी नंतरचे छोटे धक्के मोजले.

मधल्या काळाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेनं जगभर एकाच साच्याची शंभरावर भूकंपमापक केंद्रं उभारून दिली. आपल्याकडं पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल त्यांत होती. मूळ चिंता भूकंपाची नव्हतीच. रशिया जमिनीखाली अणुचाचणी करतो का, हे ऐकायचं होतं. भूकंपशास्त्राला मिळालेली सर्वांत मोठी देणगी बाँबच्या धास्तीतून आली, हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं. त्या केंद्रांत गोल फिरणाऱ्या ड्रमवर फोटोचा कागद गुंडाळलेला असे. तो रोज काढायचा, धुवायचा, पट्टीनं मोजायचा. भूकंप कुठं झाला हे नक्की सांगायला अनेक केंद्रांची मोजमापं तारेनं किंवा फोननं एकत्र यावी लागत. १९९३ पर्यंत बऱ्याच ठिकाणी कारभार साधारण असाच होता.

आज एका केंद्रात तीन दिशांची हालचाल सेकंदाला शंभर वेळा मोजली जाते. दिवसाला झाले दोन कोटी एकोणसाठ लाख आकडे. प्रत्येक आकड्यावर उपग्रहाच्या घड्याळाची वेळ असते, कारण एका सेकंदाची चूक म्हणजे पहिल्या लहरीच्या हिशेबात सहा किलोमीटरची चूक. हे आकडे अखंड धारेसारखे एका केंद्राकडं वाहत असतात आणि तिथं एक लहानसा प्रोग्रॅम बसून असतो. तो एकच काम करतो. गेल्या एका सेकंदातली सरासरी हालचाल तो गेल्या अर्ध्या-एक मिनिटातल्या सरासरीशी ताडून बघतो. गुणोत्तर एकदम उसळलं की वेळेवर खूण करतो. रेक्स अ‍ॅलन यांनी १९७८ मध्ये हा विचार नीट मांडला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रोग्रॅम आले आहेत, तरी जुना हिशेब अजून सुटलेला नाही.

समजा असं यंत्र घाटनांदूरला आहे. परळी–लातूर रोड मार्गावरचं हे स्टेशन. मालगाडी येते तेव्हा थरथर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. गुणोत्तर फारसं उसळत नाही. खडी केंद्रावर सुरुंग उडाला तर मात्र उसळतं. यंत्राशेजारी कुणी सिमेंटचं पोतं आपटलं तरी उसळतं. म्हणून एका केंद्राच्या खुणेला कुणी किंमत देत नाही. लातूर, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणांहून आलेल्या खुणा एकाच भूकंपाच्या असू शकतात का, हे दुसरा प्रोग्रॅम तपासतो. जमल्या तर तिसरा जागा शोधतो, चौथा आकार काढतो, पाचवा संदेश पाठवतो. पहिला अंदाज काही मिनिटांत बाहेर पडतो, माणसाचा हात न लागता. मग ड्युटीवरचा माणूस खुणा पुढंमागं सरकवतो आणि आकडा बदलतो.

आकडा बदलला की आपल्याकडं लगेच संशय येतो. सरकार लपवतंय, अमेरिका खरं सांगतेय, किंवा याच्या उलट. किल्लारीचाच आकार कुठं ६.२, कुठं ६.३, तर कुठं ६.४ असा छापलेला आढळेल. त्यात कुणी खोटं बोलत नाही. एक मोजमाप जमिनीच्या पृष्ठभागावरून दूर गेलेल्या लांब लहरींवरून केलेलं, दुसरं सरकलेल्या खडकाचं क्षेत्र आणि सरकणं यांच्या गुणाकारावरून. वर्तमानपत्रं अजून ‘रिश्टर स्केल’ लिहितात. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये जी मोजपट्टी केली ती दक्षिण कॅलिफोर्नियासाठी आणि एका ठरावीक यंत्रासाठी होती. मोठ्या भूकंपांना ती आता कुणी लावत नाही.

याहून गमतीचा आकडा खोलीचा आहे. भूकंपाच्या बातम्या काढून पाहा. दर दुसऱ्या बातमीत ‘जमिनीखाली १० किलोमीटर’ असतं. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीत धक्का बसला त्या बातमीतही दहाच. पृथ्वीला दहाचा पाढा आवडतो म्हणून नव्हे. भूकंपाच्या अगदी जवळ केंद्र नसेल तर खोली नीट सुटत नाही. खोली आणि वेळ एकमेकांत मिसळून जातात. मग सॉफ्टवेअर खोली एका आकड्यावर बांधून ठेवतं आणि उरलेलं गणित सोडवतं. तो आकडा बहुधा दहा असतो. म्हणजे बातमीतले ‘दहा किलोमीटर’ हे बऱ्याचदा मोजमाप नसतं, जवळ यंत्र नसल्याची कबुली असते. किल्लारीचा भूकंप प्रत्यक्षात त्याहून उथळ होता, पहिल्या सहा-सात किलोमीटरांतला. इतका उथळ म्हणून इतका मारक. हे कळलं ते नंतर जवळ नेऊन ठेवलेल्या फिरत्या यंत्रांमुळं. पुढं हैदराबादच्या संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं. आपला काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली गाळाचा पातळ थर ओलांडून अतिप्राचीन खडक लागला.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीनं दक्षिणी द्वीपकल्पातली दहा केंद्रं जागतिक दर्जाची करण्यात आली. त्यांत आपलं पुणं आणि कऱ्हाड होतं, आणि गुजरातमधलं भूजही, जिथं २००१ मध्ये मोठा घाव बसायचा होता. २०१४ मध्ये भूकंपाचं काम हवामान खात्यापासून वेगळं काढून दिल्लीत राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र झालं. त्याच्या जाळ्यात आज देशभर दीडशेहून अधिक केंद्रं आहेत. हिंगोलीचा २१ मार्च २०२४ चा धक्का सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी बसला. आकार ४.५. दहाएक मिनिटांनी ३.६ चा दुसरा. १० जुलैला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५. नांदेड-परभणीतले लोक घराबाहेर उभे असतानाच त्यांच्या मोबाइलवर आकडा आलेला होता. १९९३ च्या तुलनेत हा बदल लहान नाही. तरी ४.५ ऐकून किल्लारी आठवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ६.२ मधली ऊर्जा त्याच्या साडेतीनशे पट असते.

मराठवाड्याची खरी गरज मात्र त्या ४.५ च्या खाली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, लोक रात्र रात्र बाहेर काढू लागले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावालाही असे आवाज नवे नाहीत. ज्या माणसांनी १९९३ पाहिलं त्यांना हे आवाज ‘किरकोळ’ आहेत असं समजावणं सोपं नाही, आणि त्यामागं त्यांचा अनुभव आहे. किल्लारीत १९९२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत असेच धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा तर चारच्या पुढचा होता. मग सगळं शांत झालं आणि अकरा महिन्यांनी भूकंप आला. ‘छोटे धक्के बसले की ऊर्जा निघून जाते’ हे दिलासा देणारं वाक्य किल्लारीच्या माणसासमोर कुणी उच्चारू नये.

दोन-अडीच आकाराचा असा धक्का पोट्सडॅमला दिसत नाही, अमेरिकेतल्या गोल्डनच्या केंद्राला दिसत नाही. दिल्लीलाही तो जवळच्या यंत्रामुळंच दिसतो. जागतिक यंत्रणा कितीही मोठी असली, तरी पंचवीस किलोमीटरवरचं एक साधं यंत्र या कामी तिच्याहून उपयोगी. १५ फेब्रुवारी २०२३ ला लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या आसपास सकाळी साडेदहानंतर मोठे आवाज झाले. अफवा पसरायला वेळ लागला नाही. प्रशासनानं लातूर, औराद शहाजानी आणि आशीव या तिन्ही ठिकाणच्या भूकंपमापक केंद्रांत विचारणा केली. उत्तर आलं, नोंद नाही. भूकंप झाला हे सांगण्याइतकंच, झाला नाही हे पुराव्यानं सांगणं मोलाचं आहे. माझ्या मते लातूर-बीड-हिंगोलीसारख्या भागात ते जास्तच मोलाचं. अशी तीन नव्हे, तीस यंत्रं या पट्ट्यात हवीत.

आता मथळ्यातल्या बारा सेकंदांकडं येतो. हल्ली भूकंपाचा इशारा मोबाइलवर येतो असं आपण ऐकतो. जपाननं २००७ मध्ये तो सर्वांसाठी सुरू केला. आपल्याकडं आयआयटी रुडकीच्या यंत्रणेवर उत्तराखंडात २०२१ पासून अ‍ॅप आहे. गुगलनं सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातल्या अँड्रॉइड फोनवर इशारे सुरू केले. त्यात टेबलावर पडलेले फोनच भूकंपमापक होतात. या सगळ्यांचा आधार एकच. संदेश विजेच्या वेगानं जातो, दुसरी लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरनं. वीज दिसल्यावर गडगडाटापर्यंत जेवढा वेळ मिळतो, तसला हा वेळ.

हिशेब करू. १९९३ ला किल्लारीपासून दहा किलोमीटरवर आजचं यंत्र असतं तर पहिली लहर दोन सेकंदांत त्याला लागली असती. आकाराचा अंदाज घ्यायला तीन सेकंदांची नोंद लागते. गणित आणि संदेश यांना आणखी तीन धरा. आठव्या सेकंदाला इशारा निघाला. तोवर दुसऱ्या लहरीनं अठ्ठावीस किलोमीटरचं वर्तुळ व्यापलं होतं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, भुईसपाट झालेली जवळजवळ सगळी गावं या वर्तुळाच्या आत. त्यांना इशारा मिळाला नसता. लातूरला तीनचार सेकंद. घाटनांदूरला बारा. सोलापूर थोडं आणखी लांब, तिथं त्याहून थोडे जास्त. हैदराबादला जवळजवळ एक मिनिट, जिथं त्याची गरजच नव्हती.

हिमालयात भूकंप झाला तर दिल्लीला हा हिशेब लाभतो, कारण मोठा भूकंप, लांब अंतर आणि मधे भरपूर वेळ. मराठवाड्यासारख्या ठिकाणी, जिथं भूकंप उथळ असतो आणि पायाखालीच होतो, तिथं तो लागू पडत नाही. इशाऱ्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी हे सांगायला हवं. ते सांगत नाहीत.

आणि बारा सेकंदांत घाटनांदूरकरानं करायचं काय? परळीहून निघालेली गाडी ताशी शंभर किलोमीटरनं जात असेल तर तेवढ्या वेळात ती तीनशेतीस मीटर पुढं जाते. थांबत नाही, पण ब्रेक लागायला सुरुवात होते, आणि रुळावरून घसरणाऱ्या डब्यांच्या बाबतीत तोही फरक मोठा. घरात झोपलेल्या माणसाचं काय, हे घरावर आहे. किल्लारी-सास्तूरची घरं दगडमातीची होती. दोन-तीन फुटी जाड भिंती, आत-बाहेर दोन पाखी आणि मधे भरलेला चुरा, वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती पडायची, वर्षानुवर्षं. ते सगळं वजन चार वाजता खाली आलं. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो प्रदेश तेव्हाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता, तेव्हा घर बांधताना कुणी वेगळा विचार करायचा कशाला? २००२ मध्ये पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. बीड जिल्ह्यात, घाटनांदूरच्या जुन्या गल्ल्यांतही, माळवदी वाडे अजून उभे आहेत. दगडी भिंतीत दर काही फुटांवर आरपार जाणारा लांब दगड आणि छताखाली चारही भिंती बांधणारा एक पट्टा, एवढ्यानं बरंच साधतं. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर धक्क्यानंतर एक निरोप फिरतो, आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप. वेळ, जागा आणि आकार असं तिन्ही आधी सांगणारी यंत्रणा जगात कुठंही नाही. कोयनेत हैदराबादच्या संस्थेनं २००५ पासून दाट जाळं बसवून चार आकाराच्या आसपासच्या धक्क्यांबाबत काही अंदाज वर्तवले आहेत. पण कोयना ही अपवादात्मक जागा आहे, जिथं १९६२ पासून त्याच लहान पट्ट्यात धक्के बसत आहेत.

स्वयंचलित यंत्रणाही फसतात. २१ जून २०१७ ला ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या बातमी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं सांता बार्बराजवळ ६.८ चा भूकंप झाल्याची बातमी छापली. भूकंप खराच झाला होता, १९२५ साली. जुन्या नोंदीतली जागा दुरुस्त करताना वर्ष २०२५ असं पडलं, संदेश सुटला आणि यंत्रानं ताबडतोब बातमी केली. ड्युटीवरचा माणूस का लागतो, हे मला या एका प्रसंगावरून पटतं.

हैदराबादचं एक केंद्र १९८९ पासून फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यात आहे आणि त्याच्या लहरी जगात कुणालाही उतरवून घेता येतात. म्युनिकच्या मंडळींनी लिहिलेलं ‘ऑब्सपाय’ हे फुकट साधन वापरून अंबाजोगाईतला महाविद्यालयीन मुलगा त्या लहरी आपल्या लॅपटॉपवर पाहू शकतो. आपली बाकीची केंद्रंही अशी खुली व्हायला हवीत. लोकांच्या वर्गणीतून २०१६ मध्ये पनामात ‘रास्पबेरी शेक’ हे लहान यंत्र निघालं. खिशात मावणाऱ्या संगणकावर एक भूकंपग्राही बसवलेलं. जगात हजारो शाळा-घरांत ते चालू आहे. घाटनांदूरच्या एखाद्या शाळेत ते ठेवायचं म्हटलं तर जागा निवडावी लागेल. रुळापासून लांब, पिठाच्या गिरणीपासून लांब, बोअरच्या मोटारीपासून लांब, तळमजल्यावर, मातीवर नव्हे तर पाषाणाला टेकलेल्या फरशीवर. वीज जाते, म्हणून बॅटरी. पहिल्या महिन्यात भूकंप बहुधा सापडणार नाही. मालगाड्या सापडतील, आणि खडी केंद्राचे सुरुंग, दिवसाच्या ठरावीक वेळांना. मुलांनी त्यांची वही ठेवावी. पुढं कधी रात्री दोन वाजता गावात ‘आवाज आला’ म्हणून ओरड झाली, तर त्या वहीतला सुरुंग आणि पडद्यावरची नवी रेघ शेजारी ठेवून बघता येईल.